कुंकू लावलेले डॉलर

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. लग्न होऊन तीर्थपुरीला आले तेव्हापासून मीही तेच म्हणत आले आहे, म्हणून इथेही तेच चालवते. मालकांचं बाजारपेठेत खत-बियाण्याचं दुकान होतं. खताच्या एका कंपनीने त्या वर्षी जाहीर केलं, की जो दुकानदार ठरल्यापेक्षा जास्त माल उचलेल त्याला जोडीने सिंगापूर दाखवू. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मालकांनी माल उचलला. तो विकला गेला का, हे कंपनीने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण आमच्या झोपायच्या खोलीत निम्म्या भिंतीपर्यंत खताची पोती लावलेली मला रोज दिसत होती. त्या वर्षी आमच्या पांघरुणांनाही खताचा वास यायचा.

सिंगापूर नेमकं कुठे आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथे काय स्वस्त मिळतं हे सगळ्यांना पाठ होतं. घड्याळ, अत्तर, दाढीचं मशीन, चार्जिंगची बॅटरी. दुकानात येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जाई आणि मालक प्रत्येकाला म्हणत, "आणतो की, त्यात काय!" पैसे कुणी देत नव्हतं आणि मालक मागत नव्हते. मालकांना नाही म्हणता येत नाही. म्हणजे बाहेर. घरात ती अडचण त्यांना कधी आली नाही.

मला तिथून एकच वस्तू आणायची होती. माझ्या वडिलांच्या कानाचं यंत्र.

माझं माहेर आष्टीच्या बाजूला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एके काळी बांधावरून भांडण झालं, कुणाची सून रुसून गेली, भावाभावांत जुंपली, की लोक दादांकडे यायचे. ते दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग दोन वाक्यं बोलत. बस, तेवढ्यावर भांडण मिटे. सत्तरीनंतर त्यांचे कान गेले. जालन्याच्या डॉक्टरने खिशात ठेवायची डबी आणि कानात घालायची वायर दाखवली तर दादा म्हणाले, "गळ्यात रेडिओ बांधून गावात हिंडू का?" आणि उठून बाहेर आले. मग ते चारचौघांत जाणंच कमी करत गेले.

वाटूरला एका लग्नात मी जे पाहिलं ते अजून आठवलं की अंगाची आग होते. आमच्याच नात्यातला एक टगा दादांसमोर आला, हात जोडले, तोंड हसरं ठेवलं आणि रामराम घालावा तशा सुरात त्यांना आईवरून शिवी दिली. दादांनीही हात जोडले. हसून म्हणाले, "बराबर हाय, बराबर हाय." मांडवातले लोक पोट धरून हसले. दादाही त्यांच्याबरोबर हसले, कारण सगळे हसतात तेव्हा आपणही हसायचं, एवढं बहिऱ्या माणसाला शिकावंच लागतं. माझ्या हातात वाढायचं बुंदीचं पातेलं होतं. ते त्या टग्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. घातलं नाही, कारण तो नवरदेवाचा मामा निघाला.

त्याच आठवड्यात मी जालन्याला जाऊन डॉक्टरला परत भेटले. तो म्हणाला, कानामागे बसतं असं छोटं यंत्र बाहेरच्या देशात मिळतं, इथे मागवलं तर दुप्पट पडेल. त्याने दादांच्या कानाच्या तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. हा दाखवला की तिथले लोक यंत्र बरोबर लावून देतील, म्हणाला.

पैसे माझ्याकडे होते. आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि दुधाचा पैसा बाईचा, असा घरात रिवाज होता. मात्र तो पैसा थोडा असेपर्यंतच बाईचा असतो. जास्त झाला की घरचा होतो. म्हणून मी तो कधी एका जागी ठेवला नाही. थोडा डाळीच्या डब्यात, थोडा माहेरच्या जुन्या पेटीत, असा वाढू दिला. त्याचे दोनशे डॉलर झाले. मालकांनी औरंगाबादच्या बँकेतून आणताना त्यांच्या तीनशेबरोबर माझेही आणले. शंभराच्या करकरीत पाच नोटा. मी माझ्या दोन वेगळ्या मागितल्या, तर म्हणाले, "परदेशात बाईमाणसानं पैशे संभाळायचे असतेत का? माझ्यापाशी राहू दे. बराबर राहतील."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी त्या नोटा मागून घेतल्या.

"लक्ष्मी घराबाहेर चालली. तिला तशीच कशी धाडायची?" असं म्हणून त्यांनी देवापुढे ताम्हनात पाचही नोटा मांडल्या, चष्मा नाकावर ओढला आणि निरखून पाहिलं. नोटेवरच्या गोऱ्या माणसाचं कपाळ पार डोक्याच्या मध्यापर्यंत गेलेलं आणि मागचे केस खांद्यावर आलेले.

"बाई हाय का ही?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्याबाई, बाप्या हाय."

"बाप्याचे केस असे असतेत व्हय? बाईच हाय. वय झालं म्हणून म्होरचे गेलेत. आन् कपाळ बघ बिचारीचं, कसं पांढरं फटक हाय."

मग त्यांनी हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकू लावलं आणि वाटेत पडू नये म्हणून तेलाच्या बोटाने नीट घोटून बसवलं. एकेका नोटेला तब्येतीत. मी म्हणाले, नोटांना डाग पडतील. त्या कडाडल्या, "कुंकवाला डाग म्हणू न्हाई." मालक शेजारी हात जोडून उभे होते, त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. ज्या बायकांचं कपाळ नवरा गेल्यामुळे पांढरं झालं होतं त्यांना सासूबाई घरच्या हळदीकुंकवाला कधी उंबऱ्याच्या आत घेत नसत. अमेरिकेच्या त्या म्हाताऱ्याला मात्र त्यांनी एका बोटात सवाष्ण करून टाकलं.

सिंगापूरला आम्ही वीस जोडपी होतो. जालना, परभणी, बीडकडचे सगळे दुकानदार. विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि फिरायची बस कंपनीची. बाकी ज्याचं त्याने बघायचं. उतरल्यावर कंपनीच्या माणसाने प्रत्येक जोडीला चहापाण्यासाठी तिथल्या पैशांचं एक पाकीट दिलं. मालकांनी ते त्याच संध्याकाळी संपवलं. कुणीतरी नारळपाणी पिऊ म्हणालं, आणि नारळवाल्यापुढे आमच्याकडची ती नेहमीची कुस्ती सुरू झाली.

ही कुस्ती आमच्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. बिल आलं की चार-पाच पुरुष एकदम उठतात. "मी देतो," "अरे सोड, मी देतो," "माझी शपथ हाय तुला." एकमेकांचे हात धरतात, खिसे आवळतात, एखाद्याची गुंडी तुटते. मालक यात तरबेज. डाव्या हाताने समोरच्याचा खिसा दाबून धरायचा आणि उजव्या हाताने पैसे गल्ल्यावर टाकायचे, हा त्यांचा डाव. नारळवाला चिनी म्हातारा होता. एवढी माणसं अंगावर येताना पाहून त्याने कोयता हातात घेतला. आपल्याला लुटायला नाही, पैसे द्यायला आलेत, हे त्याला कळेपर्यंत मालक जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉलर मोडायला गेलो. हॉटेलखालच्या बाजारात पानाच्या टपरीएवढ्या काचेच्या खोलीत एक जण नोटा बदलून देत बसला होता. मालकांनी ऐटीत पाचही नोटा आत सरकवल्या. त्याने पहिली उचलली आणि तोंड वाकडं केलं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. पाचही साहेबांच्या कपाळावर एकाच जागी लाल डाग. त्याने इंग्रजीत विचारलं, रक्त आहे का?

"नो ब्लड," मालक म्हणाले. "गॉड."

त्याने पेनच्या टोकाने नोटा बाहेर ढकलल्या. पलीकडच्या तशाच टपरीतल्याने एक नोट उजेडासमोर धरली. तेलाने कागद इतका पातळ दिसत होता, की साहेबाच्या कपाळातून मागची ट्यूबलाइट स्वच्छ दिसली. त्यानेही हात हलवला. मग आम्ही बँकेत गेलो. बँकेतली मुलगी फार गोड बोलली. नोटा ठेवून जा, आम्ही त्या तपासायला अमेरिकेला पाठवू, दीड महिन्याने कळवू. आम्हाला तीन दिवसांनी परतायचं होतं.

बँकेच्या पायऱ्यांवर मी मालकांना म्हणाले, "आता?"

"आईला काय सांगायचं?" ते म्हणाले. परक्या गावात खिशात एक पैसा नाही आणि या माणसाला काळजी कशाची, तर आईला वाईट वाटेल याची. मला तेव्हा खरंच हसावं की रडावं कळेना.

दुपारी खोलीवर आल्यावर मालकांना वाटलं, नोटा धुवाव्यात. मी म्हणाले, साबण लावू नका. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे ज्या बाईने पोरांचे कपडे धुतलेत तिला माहीत असतं. मालकांनी आयुष्यात रुमालही धुतला नव्हता, त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास दांडगा. त्यांनी न्हाणीघरात गरम पाणी सोडलं, हॉटेलचा छोटा साबण फोडला आणि प्रयोगाला एक नोट घेतली. कुणाची? पाच नोटा एकसारख्या होत्या, कुठल्याही नोटेवर नाव लिहिलेलं नव्हतं. पण प्रयोग फसल्यावर ते दारातून डोकावून जे म्हणाले त्यावरून कळलं.

"तुझी एक जरा खराब झाली."

साहेब कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाबी झाला होता. धुळवड खेळून आल्यासारखा. हॉटेलच्या केस वाळवायच्या यंत्राने मालकांनी त्याला वाळवलं, तर कोपरा फाटला. उरलेल्या चार त्यांनी गुपचूप घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

मी म्हणाले, बरोबरच्या दुकानदारांपैकी कुणाकडून तरी उसने घ्या, घरी गेल्यावर देऊ. "बिलकुल न्हाई," मालक म्हणाले. "तीर्थपुरीचा दुकानदार परमुलखात हात पसरून राह्यला, हे बीडापर्यंत जाईल." मग मी बायकांना विचारून पाहिलं. वीस बायकांमध्ये एकीच्याही पर्समध्ये पैसे नव्हते. पर्स मात्र सगळ्यांकडे होती. कुणाच्या पर्समध्ये सुपारी, कुणाच्या सेफ्टी पिना, एकीच्या पर्समध्ये नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या. पैसे सगळ्यांचे मालकांकडे.

पुढचे दोन दिवस आम्ही घरून नेलेल्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढले. लोक दुपारी जेवायला बसले की मालक म्हणत, "आमचा उपास हाय." कसला उपास, ते विचारलं की माझ्याकडे बोट दाखवत. बिलाची वेळ आली की त्यांना लघवीला लागे. जो माणूस गल्ल्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचायचा तो आता कुस्ती संपल्यावर हात पुसत बाहेर यायचा आणि "अरे, दिलं का? मी आलोच होतो," असं म्हणायचा. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मला दुपारी भूक लागत होती.

यंत्राचं दुकान हॉटेलसमोरच होतं. तिथे आम्ही गेलो. दुकानातल्या मुलीने दादांचा कागद पाहिला, कपाटातून यंत्र काढलं, तळहातावर ठेवून दाखवलं. चिंचोक्यापेक्षा थोडं मोठं, अंगाच्याच रंगाचं. किंमत तिने कॅल्क्युलेटरवर टाइप करून पुढे केली. मालकांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि निम्मा आकडा टाइप केला. तिने हसून पुन्हा पहिलाच आकडा टाइप केला. मालकांनी थोडा वाढवला. तिने पुन्हा पहिलाच. खिशात दमडी नसताना हा माणूस पाव तास घासाघीस करत होता. मी ते यंत्र हातात घेऊन बसले होते. दादांच्या पटक्याच्या कडेखाली ते दिसणारही नाही, एवढंच मला दिसत होतं. ते परत तिच्या हातात देताना मला रडू आलं, आणि त्या मुलीला वाटलं असावं, मी किमतीमुळे रडतेय.

चौथ्या दिवशी बस आम्हाला सेरंगून रोडला घेऊन गेली. तिथे आपल्याकडच्यासारखी दुकानं, गजरे, भाजी, अगरबत्तीचा धूर. एका घड्याळ-अत्तराच्या दुकानातला दुकानदार हिंदी बोलणारा निघाला. आमच्या मालकांनी इकडे-तिकडे पाहून बंडीत हात घातला. दुकानदाराने नोटा पाहिल्या. "पूजा की है?" म्हणाला. मालक म्हणाले, "जी, माताजीने." त्याने नोटा दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावल्या. मग गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाला, शंभराला पंधरा कापीन. धुतलेल्या नोटेचे निम्मे. देवाचं म्हणून त्याने हात जोडले आणि धंद्याचं म्हणून कापले, आणि दोन्ही मनापासून केलं. मला तो माणूस आवडला. निदान त्याला दोन्ही वेगळं ठेवता येत होतं.

पैसे हातात पडताच मालकांच्या अंगात वारं शिरलं. त्याच दुकानातून गावाने सांगितलेली अत्तरं घेतली, दोन घड्याळं घेतली. मी म्हणाले, आधी मशीन.

"त्याचं असं हाय," मालक म्हणाले, "तुझ्या दोनातल्या एकीचे निम्मेच आले. तुझ्या पैशात मशीन बसत न्हाई. पुढल्या साली कंपनी बँकॉकला नेणार हाय, तवा घेऊ."

"धुतली कुणी?"

"ते आता उकरून काय फायदा?"

मी रस्त्यातच थांबले. मला मांडवात हात जोडून हसणारे दादा दिसत होते आणि समोर हा माणूस पुढच्या वर्षाचं बोलत होता. पुढच्या वर्षापर्यंत दादांनी किती शिव्यांना बरोबर आहे म्हणायचं? पण आजूबाजूला बरोबरची सगळी मंडळी होती, आणि आमच्या घरात मालकांना चारचौघांत बोलायची पद्धत नाही. मी गप्प राहून चालू लागले. तेवढं मला येत होतं, वीस वर्षं तेच केलं होतं.

संध्याकाळी त्याच रस्त्यावर केळीच्या पानावर जेवण देणारी एक खाणावळ होती. तिथे सगळी वीस जोडपी बसली. शेवटची संध्याकाळ, त्यामुळे पानं भरभरून झाली, वर आणखी गोड झालं. मालकांनी दोन दिवसांचा उपास सोडला. मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं, काय होणार ते. ते खुर्चीच्या काठावर आले होते. वाढप्या बिल घेऊन निघाला आणि मालक उठले, परभणीचा एक दुकानदार उठला, मागोमाग आणखी तिघे. "मी देतो," "माझ्याकडून राहू द्या," "आज आमचं." मालकांनी डाव्या हाताने परभणीवाल्याचा खिसा दाबला आणि उजव्या हातात सगळे पैसे घेऊन गल्ल्यापर्यंत पोहोचले.

मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. त्यांचा हात गल्ल्यावर टेकायच्या आत मी त्यातले पैसे काढून घेतले.

"अगं, काय करून राह्यली?"

"मशीनचे काढून घेते."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, यंत्राच्या किमतीएवढे पैसे बाजूला केले. मोजण्यात चूक झाली नाही. बाकीचे मी त्यांच्या हातात परत दिले आणि म्हणाले, "हे तुमचे. द्या आता बिल."

उरलेल्यात बिल भागत नव्हतं. निम्मंही भागत नव्हतं. मालक पैशांकडे बघत उभे राहिले. पुरुषांपैकी कुणी हललं नाही. मग परभणीवाल्याने आपला खिसा सोडवून घेतला आणि फार प्रेमाने, फार आनंदाने सगळं बिल दिलं. बायकांच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, "बरं केलंस बाई." ती कोण होती, मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला नंतर त्रास झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी रस्ता ओलांडून दुकानात गेले. मुलीने मला ओळखलं. तिने बारीक पेचकसाने यंत्र कागदाप्रमाणे लावलं, सेल कसे बदलायचे ते दोनदा करून दाखवलं, वर सेलच्या दोन पट्ट्या जास्त दिल्या. मी पैसे दिले. चाळिशी ओलांडली होती, पण एवढी मोठी वस्तू स्वतःच्या हाताने पैसे देऊन मी त्याआधी कधीच घेतली नव्हती. साडीही नाही. विमानात मालक माझ्याशी बोलले नाहीत. मुंबईपासून जालन्यापर्यंतही बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं ही शिक्षा आहे. मी दोन्हीकडे छान झोपले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "लक्ष्मी चालली का बराबर?" मालक म्हणाले, "एकदम." त्यांच्या आईचं त्यांनी बघावं.

मी लगेच माहेरी गेले. दादा गोठ्याजवळ बाजेवर बसले होते. मी पटका जरा वर सारला, यंत्र कानामागे बसवलं, बटण दाबलं. दादा दचकले. उघड्या दारातून घरातल्या पंख्याकडे बघून म्हणाले, "एवढा वरडतो का ह्यो?" मग म्हशीच्या रवंथाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळले.

"जावयानं आणलं?"

मी नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "न्हाई दादा. माझ्या दुधाच्या पैशाचं हाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कुंकू, तेल, गुलाबी साहेब, उपास, खाणावळ. सात वर्षांत मी त्यांच्याशी एवढं सलग बोलले नव्हते, कारण एवढं ओरडता येत नाही. त्यांनी पूर्वीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुंकवाच्या जागी हसले, बरोबर हसायच्या जागी हसले. खाणावळीचं ऐकताना मात्र हसले नाहीत. मला रडू आलं तर म्हणाले, "रडू नको बाई, तेबी ऐकू यायलंय."

आठ दिवसांनी मालक मला न्यायला आले. परदेशातून आलेला जावई आणि कानाचं परदेशी यंत्र, दोन्ही एकदम बघायला मिळणार म्हणून ओसरीवर गाव जमलं होतं. माझ्या भावाने सतरंजी टाकली. चहा झाला. मालक भिंतीला टेकून बसले होते, शेजारी दादा, पटक्याखाली यंत्र. मी माजघराच्या दाराशी उभी होते. कुणीतरी विचारलं, मशीन केवढ्याला पडलं? मालकांनी किंमत सांगितली, थोडी वाढवून. लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांना सूर सापडला. दादांशी बोलताना सात वर्षं लावलेला तोच वरचा आवाज, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"हिचं काय, हिला साड्या घ्यायच्या होत्या," मालक ओरडून सांगत होते. "म्या म्हणलं, साड्या काय, जालन्यातबी भेटतेत. आधी मामांच्या कानाचं बघायचं. खर्चा झाला तर होऊ दे. नोटा काढल्या आन् दुकानदाराच्या म्होरं टाकल्या. पैशाकडं बघतो का आपण?"

लोक माझ्याकडे बघू लागले. भावाने खाली पाहिलं. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात दादांनी मालकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज अगदी बेताचा होता, तरी ओसरीच्या कडेला बसलेल्यांनाही तो गेला.

"जावाईबापू, हळू बोला. आता ऐकू येतंय मला."